परदेशी जाण्याआधी गृहकर्ज मिटवायचंय? मोजणी विमानाच्या तारखेपासून उलटी करा

गृहकर्ज मुदतीआधी फेडायला पैसे लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. परदेशी निघालेल्या माणसाची अडचण वेगळ्याच ठिकाणी होते. रक्कम आरटीजीएसने तासाभरात बँकेत पोचते, पण मूळ कागदपत्रं हातात येणं, सोसायटीच्या दप्तरातून बँकेचं नाव निघणं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरणं, या कामांना आठवडे लागतात आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी तुमची प्रत्यक्ष सही लागते. कर्जात नवरा-बायको दोघं असतील तर दोघांची. म्हणून पैसे कधी जमतात हे बघून तारीख ठरवू नका. तिकिटाच्या तारखेतून ९० दिवस वजा करा आणि तिथून कामाला लागा.

इथे गृहीत धरलंय ते नेहमीचं उदाहरण: महाराष्ट्रातला ताबा मिळालेला फ्लॅट, नोकरदार कर्जदार, बदलत्या व्याजदराचं कर्ज. स्थिर दराचं कर्ज असेल तर मंजुरीपत्रातलं मुदतपूर्व फेडीच्या शुल्काचं कलम आधी वाचा, तिथे शुल्क लागू शकतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना असं शुल्क घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१२ पासूनचा आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या कर्जांसाठी तो आणखी स्पष्ट झालाय: पैसे कुठून आणले यावर काही अवलंबून नाही आणि अमुक महिने थांबलंच पाहिजे अशी अटही घालता येत नाही. काउंटरवरचा माणूस वेगळं सांगत असेल तर ते लेखी मागा. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

आधी ठरवा: सगळं फेडायचं की थोडं

५० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के दर, २० वर्षं. हप्ता साधारण ४३,३९१ रुपये. पाच वर्षं नियमित हप्ते भरल्यावरही मुद्दल सुमारे ४४.०६ लाख शिल्लक असतं. हा आकडा पाहून बरेच जण हादरतात, पण सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात, त्यात फसवणूक काही नाही.

आता १० लाख हाताशी आहेत समजा. ते भरून हप्ता तोच ठेवला, तर उरलेले १८० हप्ते ११५ वर येतात आणि व्याजात सुमारे १८ लाख वाचतात. त्याऐवजी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो ३३,५४४ वर येतो आणि बचत पावणेआठ लाखांच्या आसपास राहते. कागदावर पहिला पर्याय उघड सरस आहे. तरीही परदेशातले पहिले सहा महिने घरभाडं, डिपॉझिट, तिकिटं आणि कदाचित एकाच पगारावर काढायचे असतील, तर महिन्याला दहा हजारांनी हलका झालेला हप्ता मला जास्त उपयोगाचा वाटतो. पगार रुळला की पुन्हा मोठी रक्कम भरता येतेच. फक्त काय हवं ते अर्जात लिहा. काही न लिहिता पैसे भरले तर यंत्रणा आपल्या मनाने मुदत किंवा हप्ता यांपैकी एक बदलते.

मुदत ठेव मोडून कर्ज फेडावं का, तर आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ७ टक्क्यांच्या ठेवीतून करानंतर जेमतेम ४.८ टक्के सुटतात. ८.५ टक्क्यांचं कर्ज उरावर ठेवून ४.८ टक्के कमावण्यात अर्थ नाही. पण ठेवीतली किती रक्कम मोडायची हे तुमचा व्हिसा ठरवतो.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायम वास्तव्यासाठीच्या अर्जपद्धतीत) नोकरीचा देकार नसेल तर सहसा स्थायिक होण्यापुरता निधी दाखवावा लागतो. त्यासाठी बँकेने द्यायच्या पत्रात आजची शिल्लक तर असतेच, शिवाय मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्यावरची थकीत कर्जंही असतात. अर्जाच्या मधल्या काळात वीस लाख काढून गृहकर्जात घातले, तर कर्जाची ओळ जाते आणि सरासरीही खाली येते. हा निधी उसना आणलेलाही चालत नाही, घर गहाण ठेवून तर नाहीच. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून राहावी लागते, मध्ये एक दिवस कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जर्मनीला शिकायला जाणाऱ्याचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकतात, ते महिन्याला ९९२ युरोप्रमाणे सुटतात. म्हणजे आधी व्हिसाचा निधी बाजूला, मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि उरेल ते कर्जात.

मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी आईवडील घाईने गृहकर्ज फेडतात तेव्हा आणखी एक गोष्ट निसटते. सरकारी बँकांमध्ये साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात, आणि ते तारण बहुधा हाच फ्लॅट असतो. स्वस्त गृहकर्ज फेडून जास्त दराचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं आणि त्यासाठी पुन्हा गहाणखत, पुन्हा मुद्रांक शुल्क, पुन्हा दुय्यम निबंधकाकडे नोंद. आधी त्याच बँकेला विचारा की आहे त्याच तारणावर दुसरं कर्ज मिळेल का.

ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. जादा पैसे खात्यात ठेवायचे, तेवढ्यावरचं व्याज थांबतं, आणि लागले की काढता येतात. स्थलांतराच्या काळात यापेक्षा बरी सोय नाही. मात्र तुम्ही अनिवासी झाल्यावर ही सोय त्याच स्वरूपात चालू राहील का, हे निघण्याआधी शाखेतून लेखी घ्या.

आयकराचा गोंधळ

कर्ज लवकर फेडलं तर मुद्दलावर घेतलेली ८०सीची वजावट परत द्यावी लागते, असा समज घट्ट बसलाय. तसं नाही. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर ती उलटते. नुसतं कर्ज फेडल्याने काही होत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुने क्रमांक पाठ असतील तर सल्लागाराशी बोलताना गोंधळू नका.)

घर भाड्याने द्यायचं असेल तर थोडं कर्ज शिल्लक ठेवणं तितकं वाईट नाही. महिना २५ हजार भाडं म्हणजे वर्षाला ३ लाख. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की २.१ लाख. २५ लाखांच्या कर्जाचं ८.५ टक्क्यांनी वर्षाचं व्याजही तेवढंच येतं, म्हणजे भाड्यावर करपात्र असं काही उरत नाही. भाड्याच्या घराच्या व्याजाची ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. त्यात तोटा झाला तर तो पगारातून वळता करता येत नाही एवढंच. अर्थात कर वाचवायला व्याज भरत राहणं हे शहाणपण नव्हे. पण शेवटचे २०-२५ लाख फेडण्यासाठी हातातली सगळी रोकड ओतण्याची घाई करू नये, एवढं हे गणित सांगतं.

घर विकायचाच विचार असेल तर तो निघण्याआधी पक्का करा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यांतला कमी कर भरण्याची मुभा फक्त निवासी व्यक्तीला आहे. अनिवासी विक्रेत्याला ती नाही. शिवाय निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो, तर अनिवासी विक्रेत्याचा दीर्घकालीन नफ्याच्या पूर्ण दराने, आणि बहुतेक वेळा संपूर्ण विक्री रकमेवर कापला जातो. तो कमी करून घ्यायचा तर आयकर खात्याचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचं त्या आर्थिक वर्षातलं निवासीपण १८२ दिवसांवर ठरतं. सप्टेंबर संपण्याआधी निघालात तर बहुधा ते अख्खं वर्ष तुम्ही आयकराच्या लेखी अनिवासी, ऑक्टोबरात निघालात तर निवासी.

कर्ज बंद करण्याचा क्रम

निघण्याच्या ९० दिवस आधी दोन कागद मागा: बँकेकडे असलेल्या मूळ दस्तऐवजांची यादी, आणि कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा. उतारा आत्ताच उतरवून ठेवा, कारण खातं बंद झालं की बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन प्रवेशही बंद होतो. यादी कर्ज घेताना मिळालेल्या पोचपावतीशी ताडून बघा. फ्लॅटच्या बाबतीत त्यात साधारणपणे हे असतं: नोंदणीकृत करारनामा आणि त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काचं चलन, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, बिल्डरच्या पावत्या, ताबापत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. हरवतात ते पातळ कागद. नोंदणीची पावती, चलन, बिल्डरच्या पावत्या. जाड करारनामा सहसा हरवत नाही.

त्यानंतर फोरक्लोजर पत्र मागा, म्हणजे कर्ज पूर्ण मिटवायला किती भरायचं ते सांगणारं बँकेचं पत्र. त्यात मुद्दल, अमुक तारखेपर्यंतचं व्याज, एखादं शुल्क राहिलं असेल तर ते, आणि रोजचं व्याज असतं. ४४.०६ लाखांवर ८.५ टक्क्यांनी दिवसाला साधारण १,०२६ रुपये होतात, म्हणून पत्रावरच्या तारखेला महत्त्व. पत्र शुक्रवारपर्यंतचं आणि पैसे पोचले सोमवारी, तर तीन दिवसांचं व्याज राहतं आणि कर्ज तीन हजारांसाठी बंद होत नाही. हे सगळ्यांत जास्त वेळा होतं, आणि तुम्हाला कळतं महिन्याभराने, कागद घ्यायला गेल्यावर. दोन दिवसांचं व्याज जास्तच भरा, उरलेलं परत येतं.

तारीख निवडताना हप्त्याची तारीख टाळा. ५ तारखेचा हप्ता असेल तर त्याची वसुली आधीच पाठवलेली असते. ३ तारखेला कर्ज फेडलं तरी ५ तारखेला हप्ता कापला जातो आणि परत मिळायला पाठपुरावा करावा लागतो. ८ ते २० या दरम्यानचा दिवस धरा. कर्ज बंद झाल्यावर नॅशची आज्ञा (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) रद्द केल्याचं लेखी घ्या आणि सुरक्षेपोटी दिलेले धनादेश मोजून परत घ्या.

इथून रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाचं घड्याळ सुरू होतं. १ डिसेंबर २०२३ पासून मिटलेल्या कर्जांना ते लागू आहे. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले किंवा खराब झाले तर प्रमाणित प्रती काढायला मदत करायची, खर्च बँकेचा, आणि त्यासाठी आणखी ३० दिवस. कागद कोणत्या शाखेतून घ्यायचे हेही तुम्ही सांगू शकता. कागद बहुधा शाखेत नसतात, दूरच्या मध्यवर्ती साठवणीत असतात, त्यामुळे अगदी नेटकी बँकही दोन-तीन आठवडे घेते. हे ३० दिवस, आधीची तयारी, नंतर बोजा उतरवणं आणि वर थोडी ढील धरा, की ९० दिवसांचा आकडा कुठून आला ते कळेल.

कागद घेताना शाखेतच बसून करारनाम्याचं पानन्‌पान उलटा. प्रत्येक पानावर दस्त क्रमांक आणि पानाचा क्रमांक असतो, मधलं पान गायब नाही ना ते बघा. यादीतलं काही कमी असेल तर ‘मिळालं’ म्हणून सही करू नका. काय मिळालं नाही ते पोचपावतीवर लिहा आणि त्यावर शाखेचा शिक्का घ्या.

बोजा किती ठिकाणी असतो

एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) आणि ‘येणे बाकी नाही’ दाखला मिळाला की लोक पेढे वाटतात. बँकेचं नाव मात्र आणखी तीन-चार ठिकाणी असतं.

सोसायटीने कर्जाच्या वेळी बँकेच्या हक्काची नोंद केलेली असते. एनओसीची प्रत जोडून सचिवांना पत्र द्या आणि नोंद काढल्याचं उत्तर लेखी घ्या. सरसाय या केंद्रीय नोंदवहीत बँकेने गहाण मिटल्याचं कळवायचं असतं. महिन्याभराने त्यांच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा शोध घेऊन खात्री करा. महाराष्ट्रात दस्तऐवज ठेवून गहाण केलं की दुय्यम निबंधकाकडे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल होते, आणि उद्या खरेदीदाराचा वकील शोध घेईल तेव्हा ती दिसणारच. तिला उत्तर म्हणून मूळ एनओसी जपा. गहाणखतच नोंदणीकृत असेल तर नुसत्या एनओसीने भागत नाही, बँकेकडून प्रतिहस्तांतरणाचा दस्त नोंदवून घ्यावा लागतो, आणि त्याला दोन्ही बाजू हजर लागतात.

फ्लॅटवाल्यांना सातबाऱ्याचा त्रास बहुधा नसतो. बंगला, रो हाउस किंवा प्लॉट असेल तर ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेचा बोजा असतो, शहरी भागात मिळकत पत्रिकेवर. सातबाऱ्यासाठी ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो. तलाठी फेरफार धरतो, नोटिशीची १५ दिवसांची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. अर्ज करून निघून गेलात आणि एनओसीवरचा गट क्रमांक चुकलेला निघाला, तर अर्ज पडून राहतो आणि तुम्हाला कळतही नाही. एनओसी हातात घेताना गट क्रमांक, फ्लॅट क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा.

कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा आठवतोय का? एकरकमी हप्त्याच्या कर्जविम्यातून उरलेल्या काळाची काही रक्कम परत मिळू शकते, पण अर्ज तुम्हीच करायचा, स्वतःहून कोणी देत नाही. घराच्या विम्यावर बँकेचं नाव असेल तर तेही काढून घ्या.

कर्ज ठेवूनच जायचं असेल तर

सगळ्यांना सगळं फेडणं जमत नाही, आणि जमवायलाच हवं असंही नाही. नोकरीसाठी देश सोडलात की फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत तुम्ही निघाल्या दिवसापासून अनिवासी ठरता, १८२ दिवसांची वाट बघत नाहीत. जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासी व्यक्तीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करावं लागतं, आणि खरा सापळा तिथे आहे: या बदलात कित्येकदा खातेक्रमांक बदलतो, जुनी नॅशची आज्ञा निकामी होते, पहिलाच हप्ता परततो. आधी एनआरओ खात्यावर नवी आज्ञा नोंदवा, एक हप्ता त्यातून गेलेला बघा आणि मग जुनी सोडा. निवासी असताना घेतलेलं कर्ज पुढे चालू ठेवता येतं. हप्ते एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) किंवा एनआरओ खात्यातून, परदेशातून थेट पैसे पाठवून, त्याच घराच्या भाड्यातून, किंवा भारतातल्या जवळच्या नातेवाइकानेही भरलेले चालतात.

कर्ज पुढे कधीतरी इथे न येता बंद करता यावं म्हणून कुलमुखत्यारपत्र आत्ताच करा, बँकेच्या स्वतःच्या मसुद्यात, आणि त्यात ‘मूळ दस्तऐवज ताब्यात घेणे’ हे शब्द स्पष्ट घाला. हे शब्द नसले की बँक कागद देत नाही. ते राहून गेलं तर तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टील (तिथल्या सरकारचं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण) करून पाठवावं लागतं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. भारतातला मोबाइल क्रमांक रोमिंगवर जिवंत ठेवा, ओटीपी अजूनही तिथेच येतात.

घर भाड्याने देताना भाडेकरूला सुरुवातीलाच सांगा की मालक अनिवासी आहे. त्याने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. विवरणपत्र भरून परतावा मिळतो, पण तोवर हप्त्याला तेवढे पैसे कमी पडणार हे धरून चाला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हे १० टक्के पालिकेचा कर वगळून मोजायचे.

तिकडे पोचल्यावर दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे कर्ज ‘बंद’ दिसायलाच हवं. दिसलं नाही तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कागद किंवा एनओसीबद्दल बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी भारतात असावं लागत नाही. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं तक्रार पोर्टल वेगळं आहे. दोन्हीकडे जोडायला फोरक्लोजर पत्र, पैसे भरल्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक आणि शिक्का मारलेली पोचपावती लागते, म्हणून या तिन्हींचे स्कॅन मूळ कागदांबरोबर लॉकरात न ठेवता स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.